शिपाई

(आपल्या देशाच्या काही सीमांवर एके काळी लष्कर नव्हे, तर पोलीस पहारा देत असत. १९५९ साली लडाखमध्ये अशा दहा पोलिसांनी प्राण दिले. ते तिथे का गेले होते, त्या दिवशी काय घडले आणि त्यांची आठवण आपण कशी ठेवतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत घंटा वाजवणाऱ्या आणि सूचनेची वही घेऊन वर्गात येणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात? शिपाई म्हणतात. आता हाच शब्द उर्दूत म्हणून पाहा. उर्दूत तो 'सिपाही' होतो. सिपाही म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर हातात बंदूक घेऊन रणांगणावर लढणारा माणूस उभा राहतो. शब्द मात्र एकच आहे. फारसी भाषेत 'सिपाह' म्हणजे फौज. फौजेत असतो तो सिपाही. फारसीतून हा शब्द उर्दूत आला, तसाच तो मराठीतही आला. मराठीत आल्यावर त्याने एक सोडून तीन कामे पत्करली. शाळेत किंवा कचेरीत निरोप पोचवतो, तो शिपाई. पोलीस खात्यात कॉन्स्टेबल म्हणून भरती होतो, तोही शिपाई. सरकारी कागदपत्रांत त्याला 'पोलीस शिपाई' असेच लिहितात. आणि लढाईत लढतो, तोही शिपाईच. १८५७ च्या उठावाला जुन्या पुस्तकांत 'शिपायांचे बंड' म्हटलेले आढळते, ते याच अर्थाने.

असे आणखीही शब्द आहेत. हवालदार हा शब्द घ्या. ज्याच्या हवाली एखादी गोष्ट केली आहे, तो हवालदार. शिवाजी महाराजांच्या काळात किल्ल्याचा कारभार ज्याच्या हवाली असे, त्या अधिकाऱ्याला हवालदार म्हणत. आज पोलीस खात्यात हवालदार आहे आणि सैन्यातही हवालदार आहे. फौजदार हा शब्द तर ऐकताच तुम्हांला कळेल. फौज ज्याच्या हाताखाली आहे, तो फौजदार. मराठीत मात्र पोलीस सब-इन्स्पेक्टरला फौजदार म्हणण्याची रीत आहे. त्याच्या हाताखाली फौज नसते, पोलीस ठाण्यातले शिपाई असतात.

पोलीस आणि सैनिक या दोघांची नावे अशी एकमेकांत का मिसळली असावीत? याचे कारण जुन्या राज्यकारभारात आहे. त्या काळी लढाईची फौज वेगळी आणि गावोगाव बंदोबस्त ठेवणारे पोलीस वेगळे, अशी आजच्यासारखी पक्की वाटणी नव्हती. बंड मोडायचे असो, चोर पकडायचे असोत किंवा सारा वसूल करायचा असो, अनेकदा तेच अधिकारी आणि तेच शिपाई ते काम करीत. पुढे इंग्रजांच्या राज्यात १८६१ साली पोलिसांचा कायदा झाला आणि पोलीस हे स्वतंत्र खाते म्हणून उभे राहिले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनेही ही वाटणी कायम ठेवली आहे. देशाचे संरक्षण ही केंद्र सरकारची जबाबदारी आणि पोलीस हा राज्य सरकारांचा विषय, असे घटनेच्या सातव्या अनुसूचीत नमूद केले आहे.

ही वाटणी केवळ कागदावरची नाही. दोघांच्या कामातच मोठा फरक आहे. पोलिसासमोर जो माणूस असतो, तो बहुधा आपल्याच देशाचा नागरिक असतो. तो चोर असला, तरी त्याला पकडून न्यायालयापुढे उभे करायचे असते. शिक्षा न्यायालय देते. म्हणून पोलिसाने बळ वापरायचे, तेही गरजेपुरतेच. त्याच्या हातात बहुतेक वेळा लाठी असते. सैनिकाचे तसे नाही. त्याच्यासमोर परक्या देशाची फौज असते. तिला हटवणे हेच त्याचे काम. त्यासाठी त्याला तोफा, रणगाडे आणि मशीनगन दिलेल्या असतात. त्याच्यामागे रसद आणि कुमक यांची व्यवस्था असते. रसद म्हणजे अन्न आणि दारूगोळ्याचा पुरवठा. कुमक म्हणजे मदतीला येणारे जादा सैन्य. हे दोन्ही शब्द तुम्ही उर्दूतही वाचले असतील. पोलीस एकटा चौकात उभा राहून आपले काम करू शकतो. सैनिक कधीच एकटा लढत नाही.

आता असा विचार करा. एखाद्या पोलीस शिपायाला त्याचे खाते असे काम देते, की ते खरे म्हणजे सैनिकाचे आहे. गणवेश पोलिसाचा, हत्यार पोलिसाचे, शिक्षण पोलिसाचे. पण समोर उभी आहे ती परक्या देशाची फौज. अशा वेळी त्याने काय करावे? हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. १९५९ साली आपल्या देशातील काही पोलीस शिपायांपुढे तो खरोखर उभा राहिला होता.

त्या काळी भारत आणि तिबेट यांच्यामधली सुमारे अडीच हजार मैलांची सीमा पोलिसांच्या देखरेखीखाली होती. एवढ्या मोठ्या सीमेवर लष्कर न ठेवता पोलीस का ठेवले होते, असे तुम्हांला वाटेल. त्याला कारण होते. ही सीमा बराच काळ शांत होती. लोकर आणि मीठ घेऊन तिबेटी व्यापारी इकडे येत. धान्य आणि कापड घेऊन आपले व्यापारी तिकडे जात. यात्रेकरू कैलास आणि मानसरोवराकडे जात. मेंढपाळ आपले कळप घेऊन कुरणांच्या शोधात फिरत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे, परवाने तपासणे, चोरटा व्यापार रोखणे, एवढेच काम तिथे होते. ते पोलिसांचेच काम होते आणि त्यासाठी पोलिसांच्या चौक्या पुरेशा होत्या.

पण काळ बदलला. १९५० साली चीनचे सैन्य तिबेटमध्ये शिरले आणि पुढच्या वर्षापर्यंत तिबेट चीनच्या ताब्यात गेला. लडाखच्या ईशान्येला अक्साई चीन नावाचा ओसाड प्रदेश आहे. भारत हा प्रदेश आपला मानतो. तिथून चीनने एक लांबलचक रस्ता बांधला आणि तो १९५७ साली पुरा केला. मार्च १९५९ मध्ये तिबेटची राजधानी ल्हासा येथे उठाव झाला. त्यानंतर तिबेटी लोकांचे धर्मगुरू दलाई लामा भारतात आले. भारत आणि चीन यांच्यातील संबंध बिघडू लागले. ऑगस्ट १९५९ मध्ये ईशान्येकडील लोंगजू येथे चिनी सैन्य आणि आसाम रायफल्सचे जवान यांच्यात चकमक झाली. तेव्हा त्या भागातील सीमा भारत सरकारने लष्कराच्या हाती सोपवली. लडाखमध्ये मात्र अजून पोलीसच होते. म्हणजे काय झाले, ते नीट लक्षात घ्या. सीमेवरचे काम बदलले होते. ते काम करणारी माणसे मात्र तीच राहिली होती.

ही माणसे कोण होती? त्यांच्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे शिपाई होते. हे दल १९३९ साली मध्य प्रदेशातील नीमच येथे उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने त्याला आजचे नाव मिळाले. एखाद्या राज्यात दंगल झाली किंवा अशांतता माजली, की तिथल्या पोलिसांच्या मदतीला जायचे, हे या दलाचे मुख्य काम. देशाच्या निरनिराळ्या भागांतले तरुण त्यात भरती होत. आपल्याला एक दिवस जगातल्या सर्वांत उंच सीमेवर परक्या फौजेसमोर उभे राहावे लागेल, असे भरतीच्या दिवशी त्यांच्यापैकी किती जणांना वाटले असेल?

लडाखमध्ये चांग चेन्मो नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात एका ठिकाणी जमिनीतून गरम पाण्याचे झरे वाहतात. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीला किंवा कोकणात राजापूरजवळ असे झरे आहेत. लडाखमधल्या त्या जागेला इंग्रजांच्या काळापासून 'हॉट स्प्रिंग्ज' म्हणजे गरम झरे असेच नाव पडले आहे. नाव गरम झऱ्यांचे असले, तरी जागा अतिशय थंड आहे. ती समुद्रसपाटीपासून पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याच्या जवळजवळ तिप्पट ही उंची भरते. तिथे झाड दिसत नाही. हवा इतकी विरळ, की समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक तिथे मिळतो. सपाट प्रदेशातून गेलेल्या माणसाला चार पावले भरभर चालले, तरी धाप लागते. ऑक्टोबर महिन्यातच पाणी गोठू लागते.

हॉट स्प्रिंग्जच्या पूर्वेला लनक ला नावाची खिंड आहे. लडाखी आणि तिबेटी भाषेत 'ला' म्हणजे खिंड; उर्दूत तुम्ही जिला दर्रा म्हणता, ती. भारताची सीमा लनक लापर्यंत आहे, असे भारत सरकारचे म्हणणे होते. म्हणून त्या बाजूला टेहळणी करण्यासाठी भारतीय पोलिसांचे पथक १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे आले होते. पथकाचे प्रमुख होते गुप्तचर विभागाचे अधिकारी करमसिंग.

२० ऑक्टोबरला सकाळी तीन लहान तुकड्या टेहळणीसाठी निघाल्या. पुढची वाट कशी आहे, जवळपास कोणी आहे का, हे पाहून त्यांनी परतायचे होते. दुपारपर्यंत दोन तुकड्या परत आल्या. तिसरी आली नाही. त्या तुकडीत दोन पोलीस शिपाई आणि सामान वाहणारा एक हमाल, असे तिघे जण होते. संध्याकाळ झाली, रात्र पडली, तरी त्यांचा पत्ता नव्हता.

अशा वेळी छावणीत काय वाटले असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. तिघे जण कुठे वाट चुकले, कड्यावरून पडले, की कोणाच्या हाती सापडले, कोणालाच ठाऊक नाही. पोलीस खात्यात एक साधा नियम सगळ्यांना माहीत असतो. आपला माणूस हरवला, तर त्याला शोधायला जायचे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २१ ऑक्टोबरला सकाळी, छावणीत जे कोणी उपलब्ध होते, त्यांना गोळा करण्यात आले. सुमारे वीस जण करमसिंगांबरोबर पुढे निघाले. करमसिंग घोड्यावर होते; बाकीचे पायी चालत होते. हे पथक लढाई करायला निघाले नव्हते. ते आपल्या तीन साथीदारांना शोधायला निघाले होते.

दुपारच्या सुमारास पथक एका टेकडीजवळ पोचले. टेकडीवर चिनी सैनिक होते. त्यांनी वरून गोळीबार सुरू केला आणि हातबाँब फेकले. आपले शिपाई खाली उघड्या मैदानात होते. तिथे आडोशाला झाड नव्हते, भिंत नव्हती, खंदक नव्हता. युद्धशास्त्राचा एक जुना नियम आहे: उंचावर असलेल्याची बाजू नेहमी बळकट असते. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांनी हेच शिकवले आहे. त्या दिवशी उंचावर सैन्य होते आणि खाली पोलीस होते. तरीही त्या पोलिसांना सैनिकांप्रमाणे सामना करावा लागला. दहा जण ठार झाले. करमसिंगांसह सात जण चिनी सैन्याच्या हाती सापडले. त्यांच्यात जखमीही होते. उरलेले कसेबसे निसटून परत आले आणि त्यांच्याकडून छावणीला ही बातमी कळली.

या घटनेबद्दल दोन्ही देशांत कडक भाषेत पत्रव्यवहार झाला. चीनने दोष भारतीय पथकावर ठेवला. भारताने तो साफ नाकारला. मृतदेह तीन आठवड्यांहून अधिक काळ चिनी सैन्याच्या ताब्यात होते. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी ते भारताला परत मिळाले. हॉट स्प्रिंग्ज येथेच पोलीस खात्याच्या पूर्ण इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. इतमाम म्हणजे मानमरातब; हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे.

आणि ज्या तिघांना शोधायला हे पथक गेले होते, त्यांचे काय झाले? ते जिवंत होते. २० ऑक्टोबरलाच चिनी सैन्याने त्यांना पकडले होते. पुढे इतर कैद्यांबरोबर त्यांचीही सुटका झाली. ज्यांना शोधायला गेले ते परत आले, आणि शोधायला गेलेल्यांपैकी दहा जण कायमचे तिथेच राहिले.

मित्रांनो, हे दहा जण युद्धात मेले का? कायद्याच्या भाषेत पाहिले, तर तेव्हा युद्ध नव्हते. भारताने किंवा चीनने युद्ध पुकारलेले नव्हते. युद्ध झाले ते तीन वर्षांनी. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने मोठा हल्ला केला आणि महिनाभर लढाई चालली. पण युद्ध जाहीर झालेले नाही, म्हणून समोरून येणारी गोळी थांबत नाही. ती गोळी समोरच्याचा गणवेश पोलिसाचा आहे की सैनिकाचा, हे पाहत नाही. त्या दहा जणांनी आपला गणवेश बदलला नव्हता. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर पोलीस असेच लिहिलेले होते. तरी मरताना ते सैनिकाचेच काम करीत होते. शिपाई या शब्दाचे जुने आणि नवे अर्थ त्या दिवशी एक झाले.

त्यांच्या शौर्याचे कौतुक करणे सोपे आहे आणि ते केलेच पाहिजे. पण कौतुक करताना एक प्रश्न विसरू नये. ज्या ठिकाणी सैनिक हवे होते, तिथे पोलीस का होते? हा प्रश्न त्या शिपायांना विचारायचा नसून त्यांना तिथे पाठवणाऱ्यांना विचारायचा आहे. ज्याच्यावर काम सोपवायचे, त्याला त्या कामाचे शिक्षण, साधने आणि पाठबळ देणे ही सरकारची जबाबदारी असते. शूर माणसाला अपुऱ्या साधनांनी उभे करून नंतर त्याच्या शौर्याचे गोडवे गाणे, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

सरकारला हे उमगले, असे पुढच्या घटनांवरून दिसते. हॉट स्प्रिंग्जच्या घटनेनंतर लडाखची सीमाही लष्कराकडे सोपवण्यात आली. १९६२ चे युद्ध चालू असतानाच, २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, भारत-तिबेट सीमा पोलीस दल स्थापन झाले. सुरुवातीला त्याच्या चार बटालियन होत्या. बर्फात राहणे, कडे चढणे, विरळ हवेत चालणे यांचे खास शिक्षण या दलातील जवानांना दिले जाते. त्याच्या नावात 'पोलीस' हा शब्द आहे, पण काम सीमेच्या रक्षणाचे आहे.

पाकिस्तानला लागून असलेल्या सीमेवरही १९६५ पर्यंत राज्याराज्यांचे सशस्त्र पोलीस पहारा देत. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला. तिथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपायांनी मोठ्या फौजेला तासन्‌तास रोखून धरले. तो दिवस हे दल आजही 'शौर्य दिन' म्हणून पाळते. त्याच वर्षी १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. राज्यांच्या सशस्त्र पोलिसांच्या पंचवीस बटालियन एकत्र करून हे दल उभारले गेले. म्हणजे काल जे पोलीस शिपाई होते, ते आज सीमेचे रक्षक झाले; पण या वेळी त्यासाठी लागणारे शिक्षण आणि साधने घेऊन. या दलाचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी हे आपल्या महाराष्ट्रातले. त्यांचा जन्म १९१६ साली नागपूरजवळच्या कामठी येथे झाला होता. दल उभारण्याच्या या कामगिरीसाठी आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

पोलीस आणि सैनिक यांच्यामधला हा रस्ता एकाच दिशेने जात नाही. त्यावरून उलटा प्रवास करणारेही असतात. सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावचे तुकाराम ओंबळे आधी भारतीय सैन्यात होते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते मुंबई पोलिसांत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. तेव्हा ते गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदीवर होते. त्यांच्या हातात होती फक्त लाठी. दहशतवाद्याच्या हातात स्वयंचलित बंदूक होती. ओंबळे यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी पकडून ठेवली. त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या, पण पकड सुटली नाही. त्यामुळे त्यांच्या सहकाऱ्यांना त्या दहशतवाद्याला जिवंत पकडता आले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. १९५९ मध्ये पोलिसांच्या वाट्याला सैनिकाचे मरण आले होते. २००८ मध्ये एका माजी सैनिकाला पोलिसाच्या गणवेशात मरण आले.

आता पुन्हा हॉट स्प्रिंग्जकडे वळू. जानेवारी १९६० मध्ये देशातील पोलीस महानिरीक्षकांची वार्षिक परिषद भरली. त्या परिषदेत असे ठरले, की दरवर्षी २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलिसांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळावा. मराठीत त्याला 'पोलीस स्मृतिदिन' किंवा 'पोलीस हुतात्मा दिन' म्हणतात. हुतात्मा या शब्दासाठी उर्दूत शहीद हा शब्द आहे. दोन्ही शब्दांचे मूळ पाहण्यासारखे आहे. हुत म्हणजे यज्ञात अर्पण केलेले. ज्याने स्वतःला अर्पण केले, तो हुतात्मा. शहीद हा शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ साक्ष देणारा असा होतो. एक शब्द अर्पण केल्याचे सांगतो, दुसरा साक्ष दिल्याचे सांगतो. दोन्ही शब्द त्या दहा जणांना शोभतात.

हॉट स्प्रिंग्ज येथे त्यांचे स्मारक आहे. निरनिराळ्या राज्यांतील पोलिसांचे एक पथक दरवर्षी तिथवर जाऊन त्यांना मानवंदना देते. दिल्लीत चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. त्याचे उद्‌घाटन २१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. तिथे तीस फूट उंचीची काळ्या ग्रॅनाइटची एकसंध शिळा उभी आहे. तिचे वजन २३८ टन आहे. जवळच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्य करताना प्राण दिलेल्या पोलिसांची नावे कोरली आहेत. उद्‌घाटनाच्या वेळी ती ३४,८४४ होती. त्यांत मोठे अधिकारी आहेत, तसे साधे शिपाईही आहेत. सर्व धर्मांची, सर्व राज्यांची नावे तिथे एकाच भिंतीवर आहेत. त्यानंतरही दरवर्षी नवी नावे वाढत गेली.

महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत हा दिवस पाळला जातो. मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर सकाळी संचलन होते. पोलीस आपल्या बंदुका उलट्या धरून उभे राहतात. याला 'शोक शस्त्र' म्हणतात. बिगूल वाजतो. मग त्या वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या पोलिसांची नावे एकेक करून वाचली जातात. समोर गणवेशातले लोक असतात, तसेच मरण पावलेल्यांचे नातेवाईकही असतात. नाव वाचले जाते, तेव्हा त्या गर्दीत कुठे तरी एका आईची किंवा एका मुलाची मान वर होते.

तुमच्यापैकी काही जण पुढे पोलीस भरतीला जातील, काही सैन्यात जातील, काही कचेरीत किंवा शाळेत काम करतील. कुठेही गेलात, तरी शिपाई हा शब्द तुमच्या कानांवर पडत राहील. तो शब्द लहान माणसासाठी वापरतात, असा काहींचा समज असतो. तसा समज करून घेऊ नका. पुढच्या २१ ऑक्टोबरला सकाळी जवळच्या पोलीस मैदानावर जाता आले, तर जरूर जा. थोडा वेळ शांत उभे राहा आणि वाचली जाणारी नावे लक्ष देऊन ऐका.

स्वाध्याय

१. शिपाई या शब्दाचे मराठीत कोणकोणते अर्थ आहेत?
२. पोलीस आणि सैनिक यांच्या कामात कोणता फरक आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. तिबेटच्या सीमेवर पूर्वी पोलीस का ठेवले जात? पुढे ती व्यवस्था का बदलावी लागली?
४. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी करमसिंग यांचे पथक कशासाठी निघाले होते?
५. या पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा. मराठीत आणि उर्दूत त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते पाहा.